बसलेला ब्रेड

माझ्या संयमाबद्दल आमच्या इमारतीत दुमत नाही. उभी हयात मी प्राथमिक शाळेत शिकवलं. डाव्या आणि उजव्या बुटातला फरक ज्या माणसानं दरवर्षी नव्या वर्गाला तेवढ्याच गोडीनं समजावून दिला, त्याला संयम शिकवायला दुसऱ्या कुणी येऊ नये. म्हणूनच एका ब्रेडच्या मशीननं माझ्या संयमाचे वाभाडे काढले, हे लिहून ठेवताना हात जरा जड होतोय. पण लिहायला हवं. या प्रकरणाच्या ज्या आवृत्त्या सध्या जिन्यात फिरतायत, त्यांत मी फारच बावळट दिसतो. खरी हकिगत वाचल्यावर निदान तेवढा दिसणार नाही, अशी आशा आहे.

सुरुवात दादानं केली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोठ्या आजारातून उठला आणि हवापालट म्हणून आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आला. आजार गेला, पण जाताना त्याची भूक बरोबर घेऊन गेला. आमची ही ताट घेऊन आत जायची आणि तेच ताट घेऊन बाहेर यायची. दादा 'नको' असं कधी म्हणायचा नाही. "ठेव वहिनी, खातो," म्हणायचा. धाकट्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणायची त्याची जुनी खोड. संध्याकाळपर्यंत ताटावरचं झाकणसुद्धा हललेलं नसायचं.

डॉक्टर आले, नाडी बघितली, वजनकाट्यावर उभं केलं आणि मला जिन्यात नेऊन हळू आवाजात म्हणाले, "शरीर ठीक आहे, पण पोटात अन्न जायला हवं. मी शनिवारी पुन्हा येतो. वजन आणखी उतरलं असेल तर दाखल करून नाकातून नळी घालू."

दादाचं सगळं थकलं होतं, कान तेवढे शाबूत होते. मी खोलीत गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"मी परत हॉस्पिटलच्या त्या खाटेवर जाणार नाही," तो म्हणाला. "इथून हलवायचंच असेल तर थेट वर हलवा."

"मग खा ना काहीतरी."

"सगळ्याला औषधाची चव लागते."

"काय आवडेल ते तरी सांग."

त्यानं चादर कानापर्यंत ओढून घेतली. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "आपल्या कोपऱ्यावरच्या भट्टीतला ब्रेड. तो मिळाला तर खाईन."

आता ही भट्टी बंद होऊन युगं लोटली. आम्ही लहान होतो तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर ती होती आणि तिचा मालक सगळ्या मुलांचा भट्टीमामा होता. भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. सकाळी दूधवाल्याच्या आधी त्याच्या ब्रेडचा वास दाराच्या फटीतून घरात यायचा आणि आम्हाला उठवायचा. आईला हाका मारायची गरज पडायची नाही. तो गरम ब्रेड कागदात गुंडाळून, छातीशी धरून दादा पुढे चालायचा आणि मी मागून त्याच्या सदऱ्याला धरून. थंडीच्या दिवसांत तो मला तो ब्रेड दोन पावलं धरू द्यायचा. माझ्या आठवणीतला तो ब्रेड असा होता: उंच, सोनेरी, वरून गुबगुबीत, एखाद्या खात्यापित्या घरच्या बाळासारखा. ही आठवण नीट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरून बरंच रामायण झालं.

मी प्रथम सोपा मार्ग धरला. दुकानातून ब्रेड आणला. दादानं एक तुकडा दोन बोटांत दाबला, तो दबला आणि पुन्हा वर आला. "हा कापूस आहे," दादा म्हणाला. "उशीत भर."

तेव्हा मला आमच्या मशीनची आठवण झाली. मुलीनं ते माझ्या वाढदिवसाला पाठवलं होतं. आल्या दिवशी आम्ही त्याचं कौतुक केलं, हिनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि तेव्हापासून ते टेलिफोनखालचं स्टूल म्हणून इमानानं नोकरी करत होतं. मी टेलिफोन जमिनीवर ठेवला, रुमाल काढला, आणि मशीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

"तुम्ही ब्रेड करणार?" हिनं विचारलं.

"मशीन करणार. मी फक्त देखरेख."

"देखरेखीचीच भीती वाटते," ती म्हणाली. हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

मशीनबरोबर एक पुस्तिका होती. जगातल्या झाडून सगळ्या भाषा तिच्यात होत्या, आपली तेवढी नव्हती. पण चित्रं होती, आणि चित्रवाचन हा माझा हातखंडा विषय. मी ताबडतोब वर्ग भरवला. वर्ग म्हणजे माझी नात आणि इमारतीतली पोरं. नात आमच्याच घरी राहते आणि तिला मी 'शंका' म्हणतो, कारण तिच्याजवळ ती कायम असते. बाकीच्यांत वरच्या मजल्यावरची जुळी, जिन्यालगतच्या घरातली तीन भावंडं आणि खालच्या मजल्यावरून येऊन-जाऊन असणारं एक बोबडं पोर. कुणी लहान मूल जवळ नसताना मला साधं पाकीटसुद्धा चिकटवता येत नाही. काही दाखवायचं नसेल तर ते करायचं कशाला, असं वाटतं.

"हे पहिलं चित्र काय सांगतं?" मी विचारलं.

"पाणी घाला," जुळी एका सुरात म्हणाली.

"शाब्बास. हे?"

"पीठ घाला."

असं करत आम्ही शेवटच्या चित्रापाशी आलो. त्यात मशीनचं झाकण उघडं होतं, एक माणूस आत डोकावत होता, आणि त्या सगळ्यावर लाल फुली होती.

"याचा अर्थ," मी म्हणालो, "भांड्यात तोंड घालून खाऊ नये. ब्रेड बाहेर काढून, ताटलीत घेऊन, सगळ्यांनी वाटून खावा."

"पण आजोबा, तो खात नाहीये," शंका म्हणाली. "तो बघतोय."

"बघतोय म्हणजे खायच्या विचारात आहे."

वर्गाला हे पटलं. शंकेला पटलं नाही, पण तिला काहीच पटत नाही म्हणून मी पुढे गेलो.

पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं आणि घरघर करत पीठ मळायला लागलं. मी प्रत्येक टप्प्यावर झाकण उघडून मुलांना दाखवलं. हे बघा, आता पाणी आणि पीठ वेगळं आहे. हे बघा, आता गोळा झाला. हे बघा, आता तो विसावा घेतोय, तुम्ही मधल्या सुट्टीत घेता तसा. झाकणाला काच होती, नाही असं नाही, पण वाफेनं ती धुरकट व्हायची. आणि काचेतून शिकवणं म्हणजे मोजे घालून पाय धुणं. गोळा फुगला तेव्हा तर मी झाकण चांगलं उघडं धरून आत टॉर्च मारला, कारण मागच्या रांगेला दिसत नव्हतं. बोबड्याला कडेवर घेऊन दाखवलं. भाजायला लागल्यावर पुन्हा उघडून वरचा रंग कसा बदलतो ते दाखवलं. सगळ्यांना दोन-दोनदा पाळी मिळाली. असा रंगलेला तास मी निवृत्त झाल्यापासून घेतला नव्हता.

ब्रेड बाहेर आला तो मध्ये खचलेला. चारी बाजू उभ्या आणि मधे खड्डा, एखाद्या खुर्चीवर कुणी जाडजूड पाहुणा बसून उठून गेल्यासारखा.

"झाला का रे ब्रेड?" मागच्या खोलीतून दादाचा आवाज आला. वास त्याच्यापर्यंत पोचला होता.

"उद्या होईल," मी म्हणालो आणि तो ब्रेड कपाटात लपवला.

का लपवला, ते सांगतो. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक वडलांच्या आधी दादा बघायचा. तो ओरडायचा नाही, नुसता 'हं' म्हणायचा. त्या 'हं'ची धास्ती या वयातही गेलेली नाही. नापास झालेला ब्रेड मी त्याच्यासमोर नेणार नव्हतो. न्यायचा तर पहिल्या नंबरचा.

ब्रेड बसला ही बातमी मुलांनी घरोघर पोचवली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत कुणी आजारी पडलं तर लोक दबकत येतात, पण यंत्र बिघडलं की धावत येतात. सगळ्यात आधी आले समोरच्या घरातले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी पूल बांधले आहेत, त्यामुळे ते कुठल्याही वस्तूकडे ती पडणार आहे अशा नजरेनं बघतात.

"तुमचा ओटा तिरका आहे," त्यांनी निदान केलं. "शिवाय मळताना मशीन थरथरतं. भार एका बाजूला जातोय. मग मधे खचणारच."

"पुलासारखं?"

"माझा एकही पूल खचलेला नाही," ते गंभीर होऊन म्हणाले आणि घरून पातळी तपासायची पाणसळ घेऊन आले. मशीनच्या एका पायाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र आणि डोक्यावर एक वीट ठेवून ते समाधानानं गेले. झाकण उघडताना दर वेळी वीट उचलून ठेवावी लागायची, पण शिक्षणासाठी माणसानं कष्ट घ्यावेत. ब्रेड बसला. इंजिनिअर म्हणाले, "पण सरळ बसलाय बघा. काल डावीकडे झुकला होता."

मग शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या मते यीस्टला थंडी वाजत होती. "जीव आहे हो तो. उघड्यावर ठेवलात तर कसा फुगेल?" त्यांनी मशीनला आपली लोकरीची शाल पांघरली आणि वर माझा मफलर गुंडाळला. मशीन असं दिसायला लागलं की दादाऐवजी चुकून डॉक्टरांनी त्याचीच नाडी बघितली असती. मी दर टप्प्याला शाल बाजूला करून, मफलर सोडून, वीट उचलून, झाकण उघडून मुलांना दाखवत होतो. ब्रेड बसला, वर त्याला लोकरीचा वास.

कुणी म्हणालं पीठ जुनं. नवं आणलं. कुणी म्हणालं पाणी कोमट घ्या. कुणी म्हणालं साखर वाढवा, कुणी म्हणालं मीठ कमी करा, आणि ज्यांना काहीच सुचत नव्हतं त्यांनी सांगितलं की पूर्वीची मशिनं चांगली असायची. मी सगळं केलं. ब्रेड रोज तेवढ्याच निष्ठेनं बसत राहिला. आणि रोज मागच्या खोलीतून आवाज यायचा, "झाला का रे?" आणि मी म्हणायचो, "उद्या." तो आवाज दिवसागणिक बारीक होत होता. ही त्याला चमच्यानं सूप पाजायला बसायची. तो दोन चमचे तिच्यासाठी घ्यायचा, आपल्यासाठी एकही नाही.

शेवटी मी कंपनीला फोन लावला. एका मुलीनं अतिशय गोड आवाजात मला बराच वेळ संगीत ऐकवलं आणि मग तक्रार विचारली.

"ब्रेड बसतो," मी म्हणालो.

"कुठे बसतो, सर?"

"मशीनमध्येच. मध्यभागी."

"मशीन सुरू होतंय का, सर?"

"होतं."

"बंद होतंय का?"

"होतं."

"झाकण नीट लागतंय का?"

"उत्तम लागतं," मी खात्रीनं सांगितलं. "मी सारखं उघडून आणि लावून बघत असतो."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. ती मुलगी काहीतरी बोलणार होती असं मला अजून वाटतं, पण तिच्या कागदावर त्यापुढे तो प्रश्न नसावा. तिनं मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकनं मशीन उलटं केलं, सुलटं केलं, पाती फिरवून बघितली, आणि 'मशीन निर्दोष' अशा मजकुरावर माझी सही घेतली.

"आणि ब्रेड?" मी विचारलं.

"ब्रेड वॉरंटीत येत नाही, काका."

याच सुमारास आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. सेक्रेटरी आमच्या बरोबर खाली राहतात. मशीन मळायला लागलं की त्यांचा पंखा डोलायचा. पण नुसत्या डोलणाऱ्या पंख्यावर समाधान मानणारा तो माणूस नव्हे. नोटिशीत तीन आरोप होते: राहत्या घरात खाद्यपदार्थांचं उत्पादन, राहत्या घरात शिकवणीचा वर्ग, आणि कंपन. नोटीस हातात द्यायला ते स्वतः वर आले आणि जाताना कपाटातला एक बसका ब्रेड 'नमुना' म्हणून पिशवीत घालून घेऊन गेले. सुनावणी शनिवारी सकाळी, तळमजल्यावरच्या ऑफिसात.

शनिवारी. म्हणजे ज्या दिवशी डॉक्टर येणार त्याच दिवशी. आदल्या दिवशी हिनं दादाला न सांगता वजनकाटा पुसून ठेवला होता, त्यावरून तिलाही वजनाची धास्ती वाटतेय हे मी समजलो.

त्या सकाळी मी इरेला पेटून मशीनमध्ये सगळं मोजून घातलं, बटण दाबलं, वर्ग भरवला, आणि एवढ्यात खालून बोलावणं आलं. "मी येईपर्यंत कुणी झाकणाला हात लावायचा नाही," मी मुलांना बजावलं. "दाखवायचं काम माझं." मला वाटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.

सेक्रेटरींनी आधी मागच्या सभेचा वृत्तान्त वाचला. मग त्यावरच्या दुरुस्त्या वाचल्या. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि इंजिनिअर तिच्या पायाबद्दल बोलले. माझी पाळी आली तोवर कमिटीतले दोघे झोपले होते.

"तुम्ही शिकवणीची फी घेता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही."

"ब्रेड विकता?"

"विकण्यासारखा होत नाही."

"मग रोज कशासाठी करता?"

"भाऊ आजारी आहे," मी म्हणालो. "त्याला खायचा आहे."

झोपलेल्यांपैकी एकानं डोळे उघडले. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण पुरावा..." त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. थोडा चुरा पडला.

"नमुना कुठे आहे?" इंजिनिअरनी विचारलं.

"तपासणीत संपला," सेक्रेटरी चुऱ्याकडे बघत म्हणाले. "चहाबरोबर तपासला."

पुराव्याअभावी पहिला आरोप मागे घेण्यात आला. फी नाही म्हणून दुसरा. कंपनाबद्दल मला मशीनखाली जाड गोधडी घालण्याची समज मिळाली. मी धापा टाकत जिना चढलो. सकाळ सरली होती.

स्वयंपाकघरात मुलं ओट्याभोवती हाताची घडी घालून उभी होती. मशीननं नुकतीच शिटी दिली होती. शंका म्हणाली, "आजोबा, आम्ही हात लावला नाही."

मी झाकण उघडलं. आत ब्रेड होता. उंच, सोनेरी, वरून गुबगुबीत, थेट माझ्या आठवणीतून उठून आल्यासारखा. मी खुर्चीवर बसलो. ही पदराला हात पुसत आली, बघून गेली, आणि पुन्हा येऊन बघितलं.

"काय वेगळं केलंत आज?" तिनं विचारलं.

मी विचार करायला लागलो. पीठ कालचंच होतं. पाणी कोमट होतं. वीट, वर्तमानपत्र, शाल, सगळं जागच्या जागी. तेव्हा शंकेनं हात वर केला. बोलायच्या आधी हात वर करायचा, ही सवय मीच लावलेली.

"आजोबा, तुम्हीच शिकवलंत ना, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची?"

"हो."

"आपण पीठ बदललं, पाणी बदललं, वीट ठेवली, शाल घातली. एकच गोष्ट कधी बदलली नव्हती. तुम्ही रोज झाकण उघडायचात. आज तुम्ही नव्हतात."

जुळी एका सुरात 'हो' म्हणाली. बोबड्यानं पुस्तिका आणली आणि लाल फुलीवर बोट ठेवलं. ही पाठ फिरवून ओटा पुसायला लागली. तिचे खांदे हलत होते. शिक्षक म्हणून माझी छाती फुगली होती आणि बेकरीवाला म्हणून मी मध्ये खचलो होतो. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते त्या दिवशी कळलं.

पण ब्रेड झाला होता. डॉक्टर संध्याकाळी येणार होते. मी तो चांगल्या ताटलीत घेतला, जाड काप केला, लोणी लावलं, आणि मुलांच्या मिरवणुकीसह मागच्या खोलीत गेलो. दादाला उठवून पाठीशी उशा लावल्या.

त्यानं ब्रेडकडे बघितलं. कापाचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होतो. त्यानं तो तुकडा गिळला आणि काप ताटलीत ठेवून दिला.

"छान आहे," तो म्हणाला. "हं. पण हा तो नाही."

"तो नाही म्हणजे काय? हुबेहूब तो आहे. असाच उंच असायचा."

"उंच कुठला? तो मध्ये बसलेला असायचा."

मला वाटलं, अशक्तपणामुळे त्याच्या आठवणींची सरमिसळ झाली. "दादा, मला चांगला आठवतो."

"तुला कसा आठवेल?" दादा म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो सलग वाक्यं बोलत होता. "तू पिठाच्या पोत्यावर चढून उभा राहायचास. मामा, दाखवा ना, मामा, दाखवा ना, अशी भुणभुण. तो म्हणायचा, आता भट्टीचं दार उघडलं तर पुढचे ब्रेड बसतील रे. तू म्हणायचास, बसू देत. मग तो दार उघडायचा. आत सगळं लाल. तू बघत राहायचास, आणि दारालगतचे ब्रेड तिथल्या तिथे खाली बसायचे. ते कोण घेणार? त्यातला एक तो रोज आपल्याला द्यायचा. आई त्याच्या खळग्यात लोणी आणि साखर घालायची. मला वाटायचं, ब्रेडला खळगा त्यासाठीच असतो. मोठा झाल्यावर दुकानात फुगीर ब्रेड बघितला तेव्हा वाटलं, यात काहीतरी चुकलंय."

मी ताटलीतला काप उलटा करून बघितला.

"मला ब्रेड उंच का आठवतो मग?" मी विचारलं.

"तू भट्टीच्या आतले बघत होतास. घरी आलेल्याकडे तुझं लक्ष कुठे असायचं?" दादानं उशीला डोकं टेकलं. "मी एकदा मामाला विचारलं, या शेंबड्यासाठी रोज कशाला दार उघडता? म्हणाला, घेणारे पुष्कळ येतात, बघणारा हा एकच येतो."

मी ताटली उचलली. मला एकाएकी तिच्यात खूप काही बघण्यासारखं आहे असं वाटायला लागलं.

"मग आम्ही केले होते की तसे," शंका म्हणाली. "रोज करत होतो. खूप झाले."

"कुठे आहेत?" दादानं विचारलं.

सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं. "मुलांनी खाल्ले," ही म्हणाली. "एक काकूंनी दार आपटू नये म्हणून अडसर लावायला नेला. शेवटचा सेक्रेटरींनी तपासला."

दादा माझ्याकडे बघत होता. "रोज वास यायचा," तो म्हणाला. "तो लपवत होतास होय रे?"

मी ताटली घेऊन तडक स्वयंपाकघराकडे निघालो.

मशीन पुन्हा लागलं. या वेळी खाली गोधडी होती, तरी पंखा डोलला असावा, कारण सेक्रेटरी वर आलेच. काकू आल्या, इंजिनिअर आले. पीठ मळलं गेलं, विसावलं, फुगलं. भाजायची वेळ आली. मुलं नेहमीच्या जागी उभी राहिली, आणि मी झाकणावर हात ठेवून तसाच थांबलो. चूक माहीत नसताना करणं सोपं असतं. आता कळून-सवरून करायची म्हणजे हात उठेना. समजा या वेळी बसलाच नाही तर? किंवा इतका बसला की पार भाकरी झाली तर? संध्याकाळ जवळ आली होती.

मागे पावलं वाजली. दादा आला होता. एक हात भिंतीला, एक हिच्या खांद्यावर. कितीतरी दिवसांनी त्यानं ती खोली सोडली होती. ही त्याच्यासाठी खुर्ची ओढणार, तर त्यानं मानेनं नको म्हटलं.

"उघड," तो म्हणाला. "बघू दे त्यांना."

मी वीट उचलली, शाल बाजूला केली, मफलर सोडला आणि झाकण उघडलं. गरम वाफ वर आली, तिच्याबरोबर तो वास. बोबड्याला कडेवर घेतलं. जुळी टाचा उंच करून आत बघायला लागली. ब्रेडचा फुगीर माथा क्षणभर तसाच राहिला आणि मग हळूहळू, सुस्कारा टाकावा तसा, खाली गेला.

"बसला," शंका म्हणाली.

"बसला," दादा म्हणाला.

"मागून काही दिसत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "जरा टॉर्च धरता का?"

डॉक्टर आले तेव्हा दार उघडंच होतं. ते मागच्या खोलीत गेले, तिथे कुणी नव्हतं, म्हणून घाबरून स्वयंपाकघरात आले. दादा खुर्चीवर बसला होता. मांडीवर ताटली, ताटलीत तो मध्ये खचलेला ब्रेड, आणि खळग्यात लोणी आणि साखर. हनुवटीवर थोडं लोणी. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग ब्रेडकडे.

"हा बिघडलेला दिसतोय," ते म्हणाले.

"बिघडलेला नाही," दादा तोंडातला घास संपवून म्हणाला. "बघितलेला आहे."

डॉक्टरांनी वजनकाट्याचा विषय काढला नाही. "पुढच्या शनिवारी बघू," म्हणाले, आणि काकूंनी पुढे केलेला सकाळच्या ब्रेडचा तुकडा हातात घेऊन खात उभे राहिले.

दादानं ब्रेड मोडला. मधला मऊ, लोणी मुरलेला भाग त्यानं आपल्याकडे ओढला आणि कडेचा जळका तुकडा माझ्या हातात ठेवला. इतकी वर्षं झाली, पण वाटणी काही बदललेली नाही.